घरच्या जुन्या रिळांची डिजिटल दुरुस्ती : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना, परभणी, अंबाजोगाई, उदगीर, नांदेड... फोन कुठूनही आला तरी प्रश्न साधारण तेच असतात. वाडा पाडताना ट्रंकेत रिळं सापडली, आता काय करू? आजोबांचं शूटिंग आहे म्हणतात, पण बघायचं कशावर? फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळं इथे लिहून काढलं आहे. पूर्ण वाचायला सवड नसेल तर तीन गोष्टी आत्ताच लक्षात घ्या. रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका, पाण्याने धुऊ नका आणि स्कॅन झाल्यावर फेकून देऊ नका.

आमच्याकडे नेमकं काय आहे, हे कसं ओळखायचं?

शाळेतली मोजपट्टी घ्या आणि पट्टीची रुंदी मोजा. घरगुती फिल्म बहुतेक वेळा ८ मिलिमीटर रुंद निघते. तिचे दोन प्रकार आहेत. १९३२ पासून चालत आलेली साधी ८ मिमी आणि १९६५ मध्ये आलेली सुपर ८. रुंदी एकच असल्यामुळे लोक फसतात. फरक कडेच्या छिद्रांत दिसतो. साध्या ८ मध्ये छिद्र मोठं असतं आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर येतं. सुपर ८ मध्ये छिद्र बारीक असतं, चित्राच्या मध्यासमोर येतं आणि वाचलेली जागा चित्राला मिळते. रिळाच्या चकतीवरूनही कळतं. मधलं भोक लहान असेल तर साधी ८, मोठं असेल तर बहुधा सुपर ८. 'बहुधा' अशासाठी की घरोघर चकत्यांची अदलाबदल झालेली असते.

१६ मिमी पट्टी साधारण बोटाच्या रुंदीची असते. ती एखाद्या जुन्या सधन घरातून, संस्थेतून किंवा सरकारी खात्याच्या भंगारातून आलेली असते. क्वचित ९.५ मिमीची पट्टीही निघते. तिची छिद्रं कडेला नसून मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये असतात. फ्रान्सच्या पाथे कंपनीने हा आकार १९२२ मध्ये आणला होता.

पट्टी ३५ मिमी असेल तर ती घरगुती नाही, सिनेमाची आहे. तंबू टॉकीज चालवणाऱ्या घरांत असे डबे अजून असतात. त्यातली फिल्म १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल, तर ती नायट्रेटची असू शकते, आणि नायट्रेट भयंकर पेटतं. जळताना ते स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. असा डबा घरात, स्वयंपाकघराजवळ किंवा पत्र्याखाली ठेवू नका, कुणाला कुरिअरनेही पाठवू नका. सावलीत, बाहेर, माणसांपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. ८ आणि १६ मिमीच्या फिल्मला ही भीती नाही. ती पहिल्यापासून न पेटणाऱ्या पायावरच, म्हणजे चित्राचा थर ज्याच्यावर असतो त्या पारदर्शक पट्टीवरच, बनत आली.

माझ्याकडे रीळ नाही, कॅसेट आहे. हे माझ्यासाठी आहे का?

आहे. खरं तर आपल्या भागात दहापैकी नऊ जणांकडे कॅसेटच असते. फिल्मचा कॅमेरा परदेशातून यायचा. आखातातून परतलेला मामा, विलायतेत शिकलेला डॉक्टर, धरणाच्या कामावरचा इंजिनिअर अशा मोजक्या घरांतच तो होता. लग्नाचं शूटिंग गावोगाव पोहोचलं ते व्हिडिओ आल्यावर, ऐंशीच्या दशकात. कॅसेटबद्दल वेगळा प्रश्न खाली आहे.

डबा उघडला की आंबूस वास येतो. फिल्म खराब झाली का?

खराब व्हायला लागली आहे, पण अजून गेली नाही. हा शिरक्याचा वास आहे आणि तो खरोखर त्याच आम्लाचा, म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा असतो. फिल्मचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो विघटित होऊन आम्ल सोडतो आणि तेच आम्ल पुढचं विघटन आणखी वाढवतं. म्हणून सुरुवात संथ असते, पण एकदा वेग घेतला की वर्षागणिक फरक दिसतो. पट्टी आखडते, कडांनी वळते, ठिसूळ होते, कधी तिच्यावर पांढरी पूड धरते. लोखंडी डबा गंजलेला असेल तर हे काम अजून लवकर होतं. आवाजाची चुंबकीय पट्टी असलेल्या फिल्मचंही तसंच, कारण त्या पट्टीत लोहाचा ऑक्साइड असतो.

आपला उन्हाळा यात फार मोठा गुन्हेगार आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त तापतं. वर जून-जुलैत माळवद गळायला लागलं की तापलेल्या ट्रंकेत ओल शिरते. कोकणासारखी बारमाही दमट हवा नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण कोरडी भट्टी आणि मग एकदम ओल हा फेराही फिल्मला सोसत नाही.

उपाय? झालेलं नुकसान परत फिरत नाही, फक्त वेग कमी करता येतो. वास येणारी रिळं बाकीच्यांपासून वेगळी काढा, कारण त्यांची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही धरते. गंजका डबा बदलून हवा खेळेल असा प्लास्टिकचा डबा घ्या, घरातल्या सगळ्यांत गार खोलीत खाली ठेवा आणि स्कॅनसाठी यांचाच नंबर पहिला लावा. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका. कपड्यांसाठी त्या ठीक, फिल्मजवळ ती रसायनं नकोत.

बुरशी आली आहे. ओल्या फडक्याने पुसू का?

नको, कृपा करून नको. चित्र ज्या थरात असतं तो थर जिलेटिनचा आहे. बुरशी जिलेटिन खाते आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळतो. ओलं फडकं फिरलं की बुरशीबरोबर आजीचा चेहराही निघून येतो. आधी रीळ कोरड्या, सावलीच्या खोलीत काही दिवस उघडं ठेवा, उन्हात नाही. तोंडाला मास्क लावा, बुरशीची भुकटी छातीत जायला नको. सुकल्यावर मऊ ब्रशने वरची भुकटी हलके झटका आणि तिथेच थांबा. पुढचं काम ज्याला येतं त्याच्याकडे द्या.

बाकी साधी धूळ तरी घरी काढता येईल ना?

येईल. आपल्याकडचा फुफाटा डब्याच्या फटीतूनही आत जातो. तंतू न सुटणारं कोरडं मऊ कापड दुमडून दोन बोटांत धरा, पट्टी त्यातून सावकाश ओढा, कापडाची जागा बदलत राहा. चिकट घाण असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण आधी शेवटच्या कोऱ्या तुकड्यावर करून पाहा आणि आवाजाची पट्टी असेल तर मुळीच लावू नका. सॅनिटायझर, रॉकेल, काच पुसायचा फवारा हे सगळं वर्ज्य. सॅनिटायझरमध्ये पाणी असतं. तुटलेल्या पट्टीला साधी सेलोटेप लावली की तिचा डिंक पुढे वितळून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. जोडायला फिल्मची खास टेप मिळते, तीच हवी.

काकांचा प्रोजेक्टर चालू स्थितीत आहे. एकदा लावून बघू का, मग ठरवू?

हा मोह सगळ्यांना होतो आणि मला तो समजतो. तरी लावू नका. घरगुती फिल्म ही रिव्हर्सल फिल्म असते. कॅमेऱ्यात जी पट्टी फिरली तीच प्रयोगशाळेत रसायनांनी धुऊन तुमच्या हातात आली आहे. मागे निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. इतक्या वर्षांत आखडलेल्या पट्टीची छिद्रं प्रोजेक्टरच्या दातांना बसत नाहीत, दात छिद्रं फाडत जातात. मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम, म्हणजे पट्टीवरचं ते एक चित्र, डोळ्यांदेखत वितळते. आत काय आहे एवढंच बघायचं असेल तर सुरुवातीची दोन-तीन फूट पट्टी उजेडासमोर धरा आणि भिंगातून पाहा. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला तरी बरंच दिसतं.

मग ती डिजिटल होते कशी?

चांगल्या स्कॅनरमध्ये पट्टी दात्यांवर नाही तर गुळगुळीत चाकांवरून सरकते. खालून गार एलईडीचा प्रकाश, वरून कॅमेरा, आणि एकेका फ्रेमचा वेगळा फोटो. छिद्र कुठे आहे हे यंत्र प्रकाशाने ओळखतं, त्यामुळे आखडलेली पट्टीही बिनधोक जाते.

हिशोब असा. ५० फुटांच्या साध्या ८ मिमीच्या रिळात ४,००० फ्रेम असतात आणि ते सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने चार मिनिटांच्या वर चालतं. तेवढ्याच लांबीच्या सुपर ८ मध्ये ३,६०० फ्रेम, सेकंदाला १८ च्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंद. म्हणजे अख्ख्या लग्नाची फिल्म म्हणून जपलेलं रीळ प्रत्यक्षात चार मिनिटांचं निघतं. 'बाकीचं कुठं गेलं?' असं मला विचारू नका. काढलंच तेवढं होतं. फिल्म महाग होती, काका जपून बटण दाबायचे.

गावातला फोटोवाला भिंतीवर पाडून मोबाइलने शूट करून देतो म्हणतो.

आठवण म्हणून ठीक, दुरुस्तीसाठी निरुपयोगी. सेकंदाला १६ किंवा १८ चित्रं दाखवणाऱ्या प्रोजेक्टरचं शूटिंग सेकंदाला २५ किंवा ३० ने केलं की चित्र लुकलुकतं. मधोमध उजेडाचा डाग, कडा अंधाऱ्या, उजळ भाग पांढरेफटक. जे शूटिंगमध्ये आलंच नाही ते कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. आणि पट्टी प्रोजेक्टरवर चढलीच, तो धोका वेगळा.

ऑनलाइन मिळणारं छोटं स्कॅनिंग मशीन घ्यावं का?

रिळं पुष्कळ असतील, हौस असेल आणि पट्टी वाकडी-आखडलेली नसेल तर घ्या. फ्रेम-फ्रेमच घेतात ही यंत्रं. पण फाइल फार दाबून साठवतात, धुळीत आणि फिल्मच्या रव्यात (ज्या बारीक कणांनी चित्र बनतं त्यांत) फरक राहत नाही, आणि अंधाऱ्या माजघरातलं शूटिंग काळं गुडूप येतं. ठिसूळ पट्टी त्यात घालू नका. माझं मत विचाराल तर यातून कच्ची प्रत काढा, घरच्यांना दाखवा आणि त्यातलं महत्त्वाचं रीळ निवडून ते चांगल्या स्कॅनरवर न्या.

स्कॅन करून देणाऱ्याला काय विचारावं?

दर विचारण्याआधी हे विचारा. फ्रेम-फ्रेम स्कॅन करता की प्रोजेक्टरवरून शूट करता? दाते नसलेलं यंत्र आहे का? चित्राबाहेरची कड आणि छिद्रंही स्कॅनमध्ये येतील का? ही कड फार उपयोगाची असते. स्थिर करताना छिद्राचा आधार मिळतो आणि कंपनीच्या खुणाही तिथेच असतात. दुरुस्ती न केलेली मूळ फाइल मला देणार का? या शेवटच्या प्रश्नाला 'त्याची काय गरज?' असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. उद्या याहून चांगलं तंत्र आलं तर काम त्या मूळ फाइलवरच होणार आहे.

दर कुठे फुटावर असतो, कुठे मिनिटावर. साफसफाई आणि जोडकाम त्यात धरलं आहे का ते आधी लिहून घ्या, नंतर वाद नको.

४के करावं का?

२के, ४के म्हणजे स्कॅनची बारकाई, चित्राच्या रुंदीत साधारण दोन किंवा चार हजार ठिपके. ८ मिमीची फ्रेम करंगळीच्या नखापेक्षा लहान असते. तिच्यात जेवढा तपशील आहे तो २के स्कॅनमध्ये बहुतेक सगळा येतो. ४के केलं तर रवा अधिक नीट दिसेल, माणसं अधिक नीट दिसतीलच असं नाही. १६ मिमीला मात्र ४के मागायला हरकत नाही. पैसे मोजायचे असतील तर के वाढवण्याऐवजी रंगाची खोली (रंगाच्या किती बारीक छटा टिपल्या जातात ते) मागा, फाइल किमान १० बिटची हवी. फिकट झालेला रंग परत आणताना तीच उपयोगी पडते.

व्हिडिओत सगळी माणसं पळताहेत!

१६ फ्रेमची फिल्म २४ च्या वेगाने चालवली आहे, म्हणजे दीडपट. वरात धावत सुटलेली दिसते ती त्यामुळे. फाइलला तिचा खरा वेग द्यायला सांगा. साध्या ८ ला १६, सुपर ८ ला १८, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पक्कं करायचं असेल तर चालणाऱ्या बैलाकडे बघा. बैलगाडीची चाल आपल्या डोळ्यांत इतकी बसलेली आहे की चुकीचा वेग लगेच खटकतो. मधल्या फ्रेम संगणकाकडून बनवून घेऊन चित्र गुळगुळीत करण्याची हल्ली फॅशन आहे. त्यात हातापायांच्या कडा विरघळतात. मी ते करत नाही.

सगळं गुलाबी झालंय. रंग परत येतील?

बऱ्यापैकी. रंगीत फिल्ममध्ये रंगांचे तीन थर असतात. अनेक फिल्ममध्ये त्यातला निळसर-हिरवट थर आधी उडतो आणि उरतं ते गुलाबी. प्रत्येक रंग वेगळा ताणून समतोल साधता येतो. पण एखादा थर पूर्णच गेला असेल तर तिथे आणायला काही शिल्लक नसतं. कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी रंगीत फिल्म, असेल तर नशीबवान आहात. ती अंधारात ठेवलेली असेल तर रंग आश्चर्य वाटावं इतके टिकतात. डब्यावर किंवा कडेवर नाव असतंच, शिवाय चकाकी नसलेल्या बाजूने तिरप्या उजेडात पाहिलं तर चित्र उठावदार दिसतं.

रंग जुळवताना आधी पांढरा शोधायचा असतो. आपल्याकडे धोतर, टोपी आणि चुन्याची भिंत हमखास सापडते. पण टोपीवर आंधळा विश्वास नको. कडक इस्त्रीच्या टोपीला नीळ दिलेली असते, ती मुळातच निळसर. तिला शुद्ध पांढरं केलं की सगळ्यांचे चेहरे पिवळट होतात. मी भिंत धरतो, मग कातडीचा रंग, शेवटी कडुनिंबाचा हिरवा. एवढं करून झाल्यावर घरातल्या मोठ्या बाईला विचारायचं, 'तुमचा शालू कोणत्या रंगाचा होता?' त्या कधी चुकत नाहीत. कोणाकडे ते लुगडं अजून ट्रंकेत असतं, मग तर प्रश्नच मिटला.

यासाठी संगणकावरच्या दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. शिकायला वेळ लागतो, पण घरी बसून जमतं.

ओरखडे आणि काळे ठिपके पूर्ण जातील का?

ओरखडा कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. चकचकीत बाजूचा, म्हणजे पायावरचा ओरखडा, स्कॅन करतानाच घालवता येतो. पट्टी एका विशिष्ट द्रवातून नेली की ओरखडा त्याने भरतो, प्रकाश सरळ जातो आणि ओरखडा दिसेनासा होतो. ही सोय मोठ्या प्रयोगशाळांकडेच असते. चित्राच्या थरावरचा ओरखडा मात्र चित्रच खरवडून गेलेला असतो.

धुळीसाठी सॉफ्टवेअर एक साधी युक्ती वापरतं. मागच्या फ्रेममध्ये नाही, पुढच्या फ्रेममध्ये नाही, फक्त या एका फ्रेममध्ये ठिपका आहे, म्हणजे ती धूळ. शेजारच्या फ्रेममधून ती जागा भरून टाकायची. युक्ती उत्तम, पण आपल्या लग्नांत घोळ होतो. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या आणि सॉफ्टवेअरने त्या सगळ्या धूळ समजून पुसून टाकल्या! नवरानवरी उभे, पाहुण्यांचे हात हवेत आणि अक्षतांचा पत्ता नाही. वरातीतला गुलाल, भुईनळ्याच्या ठिणग्या, पावसाचे थेंब यांचंही हेच होतं. म्हणून अशा प्रसंगांत ती सोय बंद ठेवून हाताने ठिपके काढावे लागतात. काम करणाऱ्याला हे आधी सांगा, कारण मराठवाड्यातलं लग्न त्याच्या सॉफ्टवेअरने पाहिलेलं नसतं.

थोडे ओरखडे राहू द्या. सगळं घासून काढलं की फिल्मचा रवाही जातो आणि माणसं मेणाची दिसतात.

हलणारं चित्र स्थिर करता येतं का?

येतं, पण दोन हलण्यांत भेद करा. यंत्रात पट्टी डुगडुगल्यामुळे जे हलतं ते छिद्राच्या आधारे काढावं. काकांचा हात थरथरल्यामुळे जे हलतं ते तसंच ठेवावं, नाहीतर चित्राच्या कडा कापाव्या लागतात आणि कडेला उभी असलेली आत्या जाते.

एआय वापरून पणजोबांचा चेहरा स्पष्ट करून द्या ना.

ही मागणी आता रोज येते. संगणक स्पष्ट करत नाही, नवीन चेहरा रचतो. आठ मिलिमीटरच्या पट्टीवर लांब उभ्या माणसाचा चेहरा म्हणजे मोजके ठिपके. त्यातून डोळे-नाक काढायचे तर ते दुसऱ्या हजारो चेहऱ्यांच्या ओळखीवरून येतात. निघणारा माणूस देखणा असतो, पण तो तुमचा पणजोबा नसतो. ज्यांनी त्यांना पाहिलं आहे ते लगेच म्हणतात, 'हे आमचे अण्णा नाहीत.' ज्यांनी पाहिलंच नाही, ते मात्र तोच चेहरा खरा धरून चालतात. कृष्णधवल फिल्मला रंग भरण्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. हौसेने करायचं तर वेगळी प्रत करा आणि फाइलच्या नावातच 'रंग भरलेली' असं लिहा.

आवाज कसा नाही?

बहुतेक घरगुती फिल्म मुकीच आहे. सुपर ८ मध्ये आवाजाची सोय १९७३ मध्ये आली. पट्टीच्या कडेला तपकिरी रेघ असेल तर आवाज असू शकतो, आणि तो वाचू शकणाऱ्या यंत्रावरच स्कॅन करायला हवा. सुपर ८ मध्ये आवाज त्याच्या चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो, तेव्हा ओठ आणि शब्द जुळत नसतील तर हा फरक सोडवला का ते विचारा.

मुक्या फिल्मसाठी मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो, आणि या अख्ख्या उद्योगात मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. स्कॅन हातात आलं की घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला टीव्हीसमोर बसवा, फिल्म लावा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. प्रश्न विचारून भंडावू नका, थांबवून थांबवून दाखवा. 'ही सोनपेठची मावशी, ही लग्नानंतर दोनच वर्षांनी गेली', 'हा आमचा गडी, यानंच मला पोहायला शिकवलं'. ही माहिती कुठल्याही स्कॅनरमध्ये निघत नाही. ओरखडे पुढच्या वर्षी काढले तरी चालतील. नव्वदीच्या आजीला पुढच्या वर्षावर टाकू नका.

फिल्म कधीची आणि कुठली, हे कोणालाच आठवत नाही. शोधता येईल?

फिल्मच्या कडेला कंपनीच्या खुणा असतात. कोडॅकचे गोल, चौकोन, त्रिकोण हे बनवल्याच्या वर्षाचे संकेत आहेत, फक्त तेच संकेत वीस वर्षांनी पुन्हा वापरले गेले. त्यामुळे एका वर्षाऐवजी दोन-तीन वर्षं समोर येतात आणि निवड चित्रावरून करावी लागते.

चित्रातल्या पाट्या वाचा. जालन्याच्या दुकानावर 'जि. औरंगाबाद' लिहिलं असेल तर ते १९८१ च्या आधीचं असणार, कारण त्या वर्षी जालना वेगळा जिल्हा झाला. लातूरच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' असेल तर १९८२ च्या आधीचं. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती ती १९९९ पर्यंत. पाट्या लगेच बदलत नाहीत, दोन-चार वर्षं मागेपुढे धरा. गाडीचा नंबर एमएच-२० ते एमएच-२६ अशा धर्तीचा असेल तर चित्रण १९८९ नंतरचं, ती पद्धतच तेव्हा सुरू झाली. पैठणला वरच्या अंगाला धरण दिसत नसेल किंवा अर्धवट बांधकाम दिसत असेल तर १९७६ च्या आधीचं. स्टेशनात मीटरगेजची गाडी दिसली तर गावातल्या रेल्वेच्या माणसाला दाखवा, तो डब्यावरून दशक सांगतो.

आमच्या फिल्ममध्ये घरच्यांपेक्षा गावच जास्त आहे. ठेवावी का?

तीच तर आधी ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधीच्या किल्लारी-सास्तूर भागातली एखादी गल्ली, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचा पार, माळेगावच्या यात्रेतला जुना घोडेबाजार, बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडणारी माणसं यांतलं काही तुमच्या रिळात असेल, तर ते तुमच्या घरापुरतं राहत नाही. घरच्यांची तयारी असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ मध्ये सुरू झालं आणि २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात आहे. मुंबईत २०१४ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था चित्रपट-जतनाचं काम करते. रीळ द्यायच्या आधी आपली प्रत काढून घ्या आणि कोणत्या अटीवर देतोय ते कागदावर ठेवा.

व्हीएचएस कॅसेटचं काय?

कॅसेटची घाई रिळापेक्षा जास्त आहे. फिल्म निदान उजेडासमोर धरून दिसते, कॅसेट यंत्राशिवाय मुकी. आणि यंत्रच संपत चाललंय. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली.

खिडकीतून फितीच्या वेढ्यांकडे बघा. कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका, पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागेल. स्वच्छ कॅसेट असेल तर आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या, मग चालवा. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं तोंड असेल तर ते वापरा, पिवळ्या वायरीपेक्षा चित्र स्वच्छ येतं. आपलं व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विणलेलं. ते नीट सोडवलं नाही तर हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. सोडवून ५० चित्रं करायला सांगा, हालचाल जिवंत राहते.

पूर्वी कोणी सीडी किंवा डीव्हीडी करून दिली असेल तरी मूळ कॅसेट शोधा. ती प्रत बहुधा घाईत केलेली असते.

फाइल किती मोठी होईल आणि ठेवायची कुठे?

४,००० फ्रेमचं एक रीळ २केमध्ये, फ्रेम-फ्रेमच्या मूळ स्वरूपात, पन्नास जीबीच्या जवळ जातं. प्रोरेस स्वरूपात चार जीबीच्या आसपास. एफएफव्ही१ हेही चांगलं, त्यात काहीही न गमावता फाइल लहान होते. बघायला आणि वाटायला एमपी४. मूळ फाइल ही तुमची ठेव आहे, एमपी४ हा रोजचा खर्च.

प्रती तीन हव्यात. एक घरातल्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या डिस्कवर दुसऱ्या गावी, एक क्लाउडवर. एक प्रत पुण्याच्या भावाकडे गेली की काम झालं. पेनड्राइव्हवर भरवसा नको. हार्डडिस्क वर्षातून एकदा लावून उघडून पाहा, आणि लोडशेडिंगच्या काळात कॉपी करताना इन्व्हर्टरवर करा. अर्धवट कॉपी झालेली फाइल नंतर उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं तर तो चुरगळतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्कॅन झालं. आता रीळ ठेवून काय करायचं?

ठेवायचं. हार्डडिस्क पाच-सात वर्षांत बदलावी लागते, नीट ठेवलेली फिल्म त्याहून कितीतरी जास्त जगते. घट्ट गुंडाळू नका, आडवी ठेवा, माळ्यावर नको. जागा असेल तर फ्रीजमध्ये चालेल. मात्र दोन हवाबंद पिशव्यांत, आत सिलिका जेलची पुडी घालून. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. आणि सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती पिशवी कोथिंबिरीबरोबर बाहेर पडते.

रिळं संभाजीनगरला किंवा पुण्याला कशी पाठवावी?

शक्यतो हातानेच न्या, आणि सकाळच्या गाडीने. मे महिन्यात कारच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. एसटीत वरच्या कप्प्याऐवजी मांडीवर. विमानतळावरच्या एक्स-रेने धुतलेल्या फिल्मला काही होत नाही. कुरिअर करायचंच तर प्रत्येक रिळाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, डब्यावरचं हस्ताक्षर वाचता येईल असा, आणि रिळांना क्रमांक द्या. चिठ्ठ्या डब्याला चिकटवा, फिल्मला नाही.

फिल्मचं एक काडतूस (कॅमेऱ्यात घालायची बंद डबी) न धुतलेलंच सापडलंय. निघेल काही?

ते उघडू नका आणि एक्स-रेमधून नेऊ नका. कोडॅक्रोम असेल तर रंगीत निघणार नाही. तिची धुलाई करणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेत कॅन्ससमधली, २०१० च्या अखेरीस थांबली. कृष्णधवल म्हणून धुता येते आणि कधीकधी ओळखू येईल असं चित्र निघतं. पण इतकी वर्षं आपल्या उन्हाळ्यात राहिलेल्या फिल्मवर धुकं चढलेलं असतं. जुनी फिल्म धुण्याचा अनुभव असलेल्या प्रयोगशाळेकडेच द्या, आणि पैसे देताना कोरं निघालं तरी चालेल असं मनाशी ठरवून द्या.